अठ्ठ्याहत्तर अंशांवरचा उन्हाळी मुक्काम

लाँगइयरब्येन हे स्वालबार्ड द्वीपसमूहातले सर्वांत मोठे गाव. ७८ अंश उत्तर अक्षांशावरचे हे ठिकाण नॉर्वेची मुख्य भूमी आणि उत्तर ध्रुव यांच्या जवळजवळ मध्यावर पडते. वस्ती अडीच हजारांच्या आसपास, पण माणसे पन्नासहून अधिक देशांची. गावातले सगळे रस्ते मोजले तरी चाळीस-पन्नास किलोमीटरच्या पुढे जात नाहीत आणि त्यांतला एकही दुसऱ्या गावाला पोचत नाही. रस्ता संपला की पुढे डोंगर, हिमनदी नाहीतर समुद्र. अशा जागी दर उन्हाळ्यात जगभरचे विद्यार्थी येऊन राहतात. कोणी भूशास्त्राचा अभ्यासक्रम करायला येतो, कोणी हॉटेलातल्या खोल्या आवरायला, कोणी कुत्र्यांना खाऊ घालायला. पुष्कळ जण यातल्या दोन गोष्टी एकदमच करतात.

गावाचा जन्म कोळशामुळे झाला. जॉन मन्रो लाँगइयर या अमेरिकन उद्योजकाने १९०६ साली इथे खाण सुरू केली आणि त्याच्या नावावरूनच गावाला नाव पडले. १९१६ मध्ये खाण नॉर्वेजियन कंपनीकडे गेली. त्या वेळी या बेटांवर कोणत्याच देशाची सत्ता नव्हती. तो घोळ ९ फेब्रुवारी १९२० रोजी पॅरिसमध्ये झालेल्या स्पिट्सबर्गन कराराने मिटवला. बेटे नॉर्वेच्या ताब्यात गेली, पण एका अटीवर : करारात सामील असलेल्या प्रत्येक देशाच्या नागरिकांना इथे मासेमारी, शिकार, खाणकाम, व्यापार करण्याचा हक्क नॉर्वेजियनांच्या बरोबरीने राहील. ब्रिटिश साम्राज्याचा भाग म्हणून भारताचेही नाव त्या करारावर आहे. करार १९२५ पासून अमलात आला, आणि शंभर वर्षांपूर्वीच्या त्या कागदाचा थेट परिणाम असा की पुण्याच्या किंवा पणजीच्या विद्यार्थ्याला स्वालबार्डमध्ये राहण्यासाठी व्हिसा लागत नाही, कामाचा परवाना लागत नाही.

व्यवहारात मात्र एक पेच आहे. स्वालबार्ड शेंगेन क्षेत्राच्या बाहेर आहे, पण तिथे जाणारे नेहमीचे विमान ऑस्लो किंवा ट्रॉम्सोहून सुटते आणि ती शहरे शेंगेनमध्ये येतात. म्हणून भारतीय प्रवाशाला जाताना एकदा आणि परतताना पुन्हा एकदा, असा दोन प्रवेशांचा शेंगेन व्हिसा घ्यावा लागतो. एकाच प्रवेशाचा व्हिसा घेऊन गेलेला माणूस बेटावर कायदेशीर असतो, पण त्याचा परतीचा रस्ता बंद असतो.

दार उघडे असले तरी आत कोणी सांभाळून घेणारे नाही, हे या गावाचे खरे वैशिष्ट्य. नॉर्वेची कल्याणकारी व्यवस्था जगात नावाजलेली आहे, पण ती इथे लागू नाही. बेकारभत्ता नाही, वृद्धांसाठी सोय नाही. रुग्णालय आहे ते छोटे. बाळंतपणासाठी बायकांना तारखेच्या आधीच मुख्य भूमीवर जावे लागते. ज्याला स्वतःचा खर्च झेपत नाही त्याला बेटावरून परत पाठवण्याचा अधिकार राज्यपालाला आहे. ‘लाँगइयरब्येनमध्ये मरायला बंदी आहे’ अशी एक बातमी पर्यटकांच्या गप्पांतून फिरत असते. तसा कायदा कुठेही नाही. म्हातारपणी आणि दुखण्यात इथे राहता येत नाही एवढाच तिचा खरा अर्थ.

यामुळे गावाची रचनाच येण्या-जाण्यावर उभी आहे. बहुतेक रहिवासी काही वर्षांसाठी येतात आणि जातात. २०२२ मध्ये नियम बदलून परदेशी नागरिकांना स्थानिक निवडणुकीत मतदान करण्यासाठी आधी नॉर्वेच्या मुख्य भूमीवर तीन वर्षे राहिलेले असणे आवश्यक ठरवले गेले. वर्षानुवर्षे इथेच राबणारे, मोठ्या संख्येने असलेले थाई आणि फिलिपिनो लोक त्यामुळे मतदार यादीबाहेर गेले. या बदलावर गावात नाराजी झाली, आणि ती समजण्यासारखी आहे. तीन महिन्यांसाठी आलेला विद्यार्थी या गावात उपरा ठरत नाही. तो इथल्या सामान्य रहिवाशाचेच थोडे तोकडे रूप असतो.

राहण्याच्या जागेपासून हे जाणवू लागते. घरे मोजकी आहेत आणि त्यांतली बरीच नोकरी देणाऱ्यांच्या हातात आहेत. त्यामुळे आधी गावात यायचे, मग खोली शोधायची आणि मग काम पाहायचे, हा मुंबईत चालणारा क्रम इथे चालत नाही. काम मिळाले तर बहुधा खोलीही मिळते. काम सुटले की खोलीही सुटते. विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे आहेत. दरीच्या वरच्या टोकाला न्यूब्येन नावाची वस्ती आहे. तिथल्या खाणकामगारांच्या जुन्या चाळींमध्ये कित्येक वर्षे विद्यार्थी राहिले. एका लांब ओळीत खोल्या, टोकाला सामाईक स्वयंपाकघर, आणि दारात बुटांचा ढीग. बूट बाहेर काढण्याची पद्धत घरांपुरती नाही, काही हॉटेलांत आणि संग्रहालयातही ती पाळली जाते. कोळशाची काळी भुकटी आत येऊ नये म्हणून ती सुरू झाली. खाणी बंद पडल्या, पण बूट अजून दारातच राहतात. मराठी माणसाला या एका बाबतीत फारसे शिकावे लागत नाही.

विद्यापीठ म्हणजे युनिस, स्वालबार्डचे विद्यापीठ केंद्र. ते १९९३ मध्ये सुरू झाले. शिकवायचे विषय चारच : आर्क्टिक जीवशास्त्र, भूशास्त्र, भूभौतिकी आणि तंत्रविज्ञान. शिकवण्याची भाषा इंग्रजी. केंद्र स्वतः पदवी देत नाही. विद्यार्थी आपल्या मूळ विद्यापीठात नाव दाखल ठेवून इथे काही आठवडे किंवा एखादे सत्र काढतो आणि इथले गुण तिकडे जमा होतात. तांब्याच्या पत्र्याने मढवलेल्या, खांबांवर उभ्या असलेल्या या इमारतीत ग्रंथालय आणि प्रयोगशाळा आहेत, पण उन्हाळ्यातला खरा वर्ग बाहेर भरतो. हिमनदीच्या तोंडाशी, फियोर्डमधल्या होडीवर, किनाऱ्यावरच्या कड्याशी. डोंगरांवर झाडोरा नसल्याने खडकांचे थर पुस्तकातल्या आकृतीसारखे उघडे दिसतात, आणि भूशास्त्राच्या विद्यार्थ्यांना याहून सोयीची जागा सापडणे अवघड.

अभ्यास सुरू होण्याआधी प्रत्येकाला सुरक्षेचे प्रशिक्षण घ्यावे लागते. प्रथमोपचार, नकाशावाचन आणि दोराच्या साह्याने हिमनदीच्या भेगेतून माणूस वर काढणे, हे त्यात येतेच. विद्यार्थी जाड तरंगता पोशाख घालून फियोर्डच्या पाण्यात उडीही मारतात. तो पोशाख नसेल तर अशा पाण्यात काही मिनिटांतच हातपाय ऐकेनासे होतात. पण ज्यांनी आयुष्यात कधी बंदूक हातात धरली नाही त्यांना सर्वांत जड जाते ते रायफलचे शिक्षण. गावाच्या हद्दीबाहेर ध्रुवीय अस्वलाला हुसकावण्याचे साधन जवळ असणे कायद्याने बंधनकारक आहे. त्यात संकेत-पिस्तूल येते, आणि सोबत रायफल बाळगावी अशी राज्यपाल कार्यालयाची शिफारस असते. ज्याच्याकडे शस्त्र परवाना नाही त्याला भाड्याने रायफल घेण्यासाठी आधी त्याच कार्यालयाची परवानगी काढावी लागते.

प्रशिक्षणात नेमबाजीपेक्षा हाताळणीवर भर असतो. चालताना रायफल अर्धी भरलेली ठेवतात : काडतुसे पेटीत, पण नळीच्या मागच्या खोबणीत एकही नाही. संकट समोर आल्यावर बोल्ट मागे ओढून पुढे ढकलला की पहिले काडतूस जागेवर बसते. ही एक हालचाल जाड हातमोजे घालून, थरथरत्या हातांनी, डोळे समोरून न हलवता करता यावी म्हणून ती पुन्हा पुन्हा करून घेतात. गावात परतताना शस्त्र रिकामे केलेले असले पाहिजे आणि ते रिकामे आहे हे दुसऱ्याला दिसले पाहिजे. दुकानांच्या दारावर शस्त्र आत न आणण्याच्या पाट्या असतात.

गोळी हा शेवटचा उपाय, हे शिक्षक पहिल्याच तासाला सांगतात. आधी अस्वल लांबून दिसेल अशी जागा निवडायची. ते दिसले की माघार घ्यायची, आवाज करायचा, मग संकेत-पिस्तुलाचा बार काढायचा. अस्वल मारले गेले तर दर वेळी अधिकृत चौकशी होते. २०२५ पासून अस्वलापासून किमान ३०० मीटर अंतर राखणे सक्तीचे आहे आणि १ मार्च ते ३० जून या काळात ते ५०० मीटर आहे. तंबू टाकला तर भोवती तारेचे कुंपण घालतात. त्या तारेला धक्का लागला की बार उडतो. शिवाय आळीपाळीने रात्रभर पहारा असतो. ही नसती धास्ती नव्हे. ऑगस्ट २०११ मध्ये ब्रिटिश शाळकरी मुलांच्या मोहिमेवर तंबूत झालेल्या हल्ल्यात सतरा वर्षांचा मुलगा दगावला, आणि ऑगस्ट २०२० मध्ये तर विमानतळाजवळच्या, म्हणजे अगदी गावालगतच्या तळावर एक माणूस मारला गेला. दोन्ही घटना ऑगस्टमधल्या आहेत. उन्हाळ्यात किनाऱ्यालगतचा समुद्री बर्फ वितळतो, सील दुर्मीळ होतात आणि काही अस्वले किनाऱ्यावर अडकून भुकेली फिरतात.

रोजच्या त्रासाचा विचार केला तर मात्र अस्वलापेक्षा कुररी पक्षी वरचढ ठरतो. आर्क्टिक कुररी वाटेकडेच्या खडीवर अंडी घालते आणि जवळून जाणाऱ्याच्या डोक्यावर चोच मारते. ती नेहमी सर्वांत उंच बिंदूवर हल्ला करते. म्हणून जून-जुलैत कामावर निघालेली शहाणी माणसे डोक्यावर काठी उभी धरून चालताना दिसतात.

पहारा ‘रात्रभर’ असतो असे म्हणायचे, पण रात्र म्हणजे केवळ घड्याळातली. इथे साधारण २० एप्रिल ते २२ ऑगस्ट या काळात सूर्य मावळतच नाही. जूनच्या अखेरीस दुपारी तो दक्षिणेला क्षितिजापासून सुमारे ३५ अंशांवर असतो आणि मध्यरात्री उत्तरेला सुमारे ११ अंशांवर. म्हणजे तो डोक्यावर कधीच येत नाही, नुसता गावाभोवती प्रदक्षिणा घालतो. झोप येण्यासाठी शरीराला लागणारा अंधाराचा इशारा मिळत नाही, म्हणून खिडक्यांना जाड काळे पडदे असतात. तरी नवखा माणूस पहिले काही दिवस बारा वाजून गेल्यावर जेवतो, दोन वाजता डोंगर चढायला निघतो आणि सकाळी कामावर पेंगतो. जुने रहिवासी घड्याळ बघून झोपतात. उजेड आहे तोवर काम उरकावे ही जगभरची सवय इथे घातक ठरते, कारण उजेड चार महिने संपतच नाही.

उन्हाळा म्हणजे ऊन, असा मात्र समज नको. जुलैचे सरासरी तापमान ७ अंश सेल्सियसच्या आसपास असते. २५ जुलै २०२० रोजी २१.७ अंश नोंदले गेले, तो इथला विक्रम आहे. पाऊस-बर्फ मिळून वर्षाला सुमारे २०० मिलिमीटर, म्हणजे वाळवंटाच्या जातीचा. वारा आणि धुके यांचा भरवसा नसतो. झाडे नाहीत. ध्रुवीय वाळुंज नावाची वनस्पती खरे तर वृक्षकुळातली, पण ती जमिनीपासून दोन-चार सेंटिमीटरच्या वर जात नाही. आखूड पायांची रेनडियर घरांच्या मधून चरत फिरतात. कोणी त्यांना हुसकावत नाही, आणि त्यांनाही माणसांचे काही वाटत नाही. मांजर पाळायला मात्र बंदी आहे, पक्ष्यांच्या भल्यासाठी.

विद्यार्थ्यांच्या वाट्याला येणारी कामे बव्हंशी पर्यटनाभोवतीची. हॉटेलात खोल्या आवरणे, स्वयंपाकघरात भांडी घासणे, कॅफेत वाढणे, संग्रहालयात तिकिटे देणे, होडीवर सामान चढवणे. मोठे क्रूझ जहाज धक्क्याला लागले की एका सकाळीत गावच्या लोकसंख्येहून जास्त माणसे उतरू शकतात. त्या दिवशी कॅफेतल्या पोरांना श्वास घ्यायला फुरसत नसते आणि दुसऱ्या दिवशी दुकाने ओस. २०२५ पासून संरक्षित क्षेत्रांत जाणाऱ्या जहाजांवर २०० प्रवाशांची मर्यादा घातली गेली आहे, त्यामुळे हे वेळापत्रक बदलू लागले आहे.

कुत्र्यांच्या तळावरचे काम कष्टाचे, पण त्याला मागणी फार. बर्फ नसताना स्लेज चालत नाही, म्हणून उन्हाळ्यात कुत्र्यांना चाकांच्या गाड्यांना जुंपतात. सकाळी विष्ठा उचलणे, पाणी देणे, मांस तोडून वाटणे, मग पट्टे चढवणे. पट्टा दिसताच सगळा तळ एकदम भुंकू लागतो. गंमत म्हणजे याच गोंगाटाला लागून आयडर बदके दाटीवाटीने घरटी करतात. साखळीला बांधलेली कुत्री बदकांपर्यंत पोचत नाहीत, पण अंडी चोरणारा कोल्हा त्यांच्या भीतीने दूर राहतो. बदकांनी हे गणित फार पूर्वीच सोडवलेले आहे.

पैशांचा हिशेब वरवर आकर्षक दिसतो. करारानुसार इथला कर फक्त स्वालबार्डच्या गरजेपुरताच घेता येतो, म्हणून मिळकत कर मुख्य भूमीपेक्षा बराच कमी आहे आणि मूल्यवर्धित कर नाहीच. परंतु ताजी भाजी, दूध, फळे विमानाने किंवा जहाजाने येतात आणि त्यांची किंमत त्या प्रवासासकट मोजावी लागते. धुक्यात विमान उतरले नाही की दुकानातले टोमॅटोचे खोके रिकामे राहते. बिअर आणि कडक दारू रहिवाशांना कार्डावर ठरावीक कोट्यातच मिळते, वाइनला मात्र तसे बंधन नाही. खाणीच्या काळात वाइन ही मजुरांची नव्हे, साहेबांची चैन होती, असे त्यामागचे कारण सांगतात. इंटरनेट मात्र उत्तम. डोंगरावरच्या उपग्रह केंद्रासाठी २००३ मध्ये समुद्रतळातून प्रकाशतंतूच्या केबल टाकल्या गेल्या, त्याचा फायदा गावाला झाला.

इथली जमीन कायम गोठलेली असते, दरीत शंभरेक मीटर आणि डोंगरांत त्याहून कितीतरी खोलवर. उन्हाळ्यात फक्त वरचा मीटर-दीड मीटरचा थर सुटतो. म्हणून घरे लाकडी खांबांवर उभी असतात आणि पाण्याचे नळ जमिनीवरून, जाड आवरणात जातात. हा वरचा थर आता अधिकाधिक खोल वितळू लागला आहे. १९७१ पासूनच्या पाच दशकांत स्वालबार्डचे वार्षिक सरासरी तापमान ३ ते ५ अंशांनी वाढले आहे. ऑगस्ट २०२४ ची सरासरी ११ अंशांवर गेली. १९ डिसेंबर २०१५ रोजी डोंगरावरून सुटलेल्या हिमलोटाने घरांची एक ओळ सरकवली आणि दोघांचा जीव घेतला. त्यानंतर धोक्याच्या उतारावरची बरीच घरे पाडण्यात आली, आणि आधीच अपुरी असलेली घरे आणखी कमी झाली. २००८ मध्ये उघडलेल्या जागतिक बियाणे कोठाराच्या प्रवेश-बोगद्यातही २०१६ साली पाणी शिरले. बियाण्यांना धक्का लागला नाही, पण बोगद्याची दुरुस्ती मोठी करावी लागली. कोळशाचा काळही सरला : कोळशावरचे वीजकेंद्र ऑक्टोबर २०२३ मध्ये बंद होऊन डिझेलवर गेले, आणि शेवटची नॉर्वेजियन खाण, सात नंबरची, जून २०२५ अखेर बंद झाली.

भारतीय विद्यार्थ्याची वाट पुष्कळदा लाँगइयरब्येनवरून पुढे जाते. वायव्येला शंभरेक किलोमीटरवर नी-ऑलेसुंड ही संशोधकांची वस्ती आहे. तिथे भारताचे हिमाद्री हे केंद्र १ जुलै २००८ रोजी सुरू झाले. पहिली भारतीय मोहीम त्याआधी, ऑगस्ट २००७ मध्ये गेली होती. ही सगळी व्यवस्था गोव्यात वास्कोच्या हेडलँड सड्यावर असलेले राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र पाहते. संशोधन प्रस्ताव तिथे मंजूर झाला, वैद्यकीय तपासणी पार पडली, की आधी लाँगइयरब्येन आणि मग छोट्या विमानाने पंचवीसेक मिनिटांचा प्रवास. या मार्गावर बरीच वर्षे डॉर्निअर २२८ जातीची विमाने होती. त्याच जातीची विमाने कानपूरलाही बनतात.

नी-ऑलेसुंडही मुळात खाणीचेच गाव. ५ नोव्हेंबर १९६२ च्या स्फोटात २१ कामगार मेले. त्या प्रकरणावरून पुढच्या वर्षी नॉर्वेचे सरकार पडले आणि खाण कायमची बंद झाली. रोआल्ड आमुंडसेनचे ‘नोर्गे’ हे हवाई जहाज १९२६ मध्ये इथूनच ध्रुवावर गेले होते, ते बांधण्याचा मनोरा अजून उभा आहे. आता उन्हाळ्यात शंभर-दीडशे माणसे आणि हिवाळ्यात त्याच्या पाव भागाएवढी. मोबाइल, वाय-फाय, ब्लूटूथ सगळे बंद ठेवावे लागते, कारण दूरच्या अवकाशातल्या रेडिओ लहरी ऐकणाऱ्या अँटेनांना त्यांचा अडथळा होतो. संगणकाला तार जोडून काम करायचे. जेवण सगळ्यांचे एकाच भोजनगृहात, ठरलेल्या वेळी. घरांच्या दारांना कुलूप लावत नाहीत, म्हणजे अस्वल आले तर जवळच्या कोणत्याही घरात शिरता येते.

हिमाद्रीत एका वेळी आठ-एक जण राहू शकतात. शेजारी चीनचे केंद्र, दारात दगडी सिंह असलेले. जवळच्या कोंग्सफियोर्डमध्ये अटलांटिकचे कोमट पाणी आणि हिमनद्यांचे गोडे पाणी एकत्र येते, आणि त्याचा मागोवा घेण्यासाठी भारताने जुलै २०१४ मध्ये १९२ मीटर खोलीवर ‘इंडआर्क’ ही उपकरणांची साखळी नांगरली. उन्हाळी संशोधक विद्यार्थ्याचे काम त्यापेक्षा साधे असते. होडीतून ठरावीक खोलीवरचे पाणी बाटल्यांत घ्यायचे, गाळायचे, गाळण्या गोठवायच्या, वही भरायची. हवेतल्या कणांचे मोजमाप खाणकामगारांच्या जुन्या न्हाणीघराच्या इमारतीतल्या प्रयोगशाळेत चालते. आर्क्टिकचा बर्फ आणि आपला मोसमी पाऊस यांचा संबंध लावणे हा या खटाटोपाचा एक मोठा हेतू आहे. डिसेंबर २०२३ पासून भारताने हिवाळ्यातही हिमाद्रीत माणसे ठेवायला सुरुवात केली, म्हणजे आता उन्हाळ्याची आकडेवारी एकटी पडत नाही.

ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यानंतर सूर्य पहिल्यांदा मावळतो आणि मग अंधार दिवसागणिक वेगाने वाढत जातो. २६ ऑक्टोबरच्या सुमारास सूर्य शेवटचा उगवतो, आणि पुढे फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत त्याचे दर्शन नसते. सप्टेंबरात जहाजांचा हंगाम ओसरतो, दक्षिणेकडच्या विमानांत जागा मिळेनाशी होते. कराचे वेगळे विवरण भरण्याची बहुतेकांना गरज पडत नाही, तो पगारातूनच कापला गेलेला असतो. उरते ते खोली झाडून किल्ली देणे आणि विमानतळावर शेंगेनमध्ये परत शिरताना व्हिसावरचा तो दुसरा प्रवेश नोंदवणे. रिकामी झालेली खोली फार दिवस पडून राहत नाही. फेब्रुवारीत उजेड परतताच हिम-स्कूटरचा हंगाम सुरू होतो आणि नवे कामकरी दाखल होतात.